निदान ‘निदान’ तरी!

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी हे मुख्यतः आईच्या ओरडण्यातून तयार झालेलं मराठी आहे. ‘निदान’ हा शब्दही मला तिथूनच माहीत. ‘निदान अंथरूण तरी आवर!’, ‘निदान पोचल्यावर फोन तरी करत जा!’ निदान म्हणजे कमीत कमी, विषय संपला. पुढे एकदा आजीला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, ‘निदान झालंय, आता औषध सोपं आहे.’ मला काही कळेना. कमीत कमी झालंय म्हणजे काय झालंय? आजी हसली आणि म्हणाली, ‘अगं, दुखणं नेमकं कशामुळे आहे ते ओळखणं म्हणजे निदान.’

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ या वर्षी मला एकदमच शिकायला मिळाले. तेही कुठल्या पुस्तकातून नाही, तर आमच्या गाडीच्या रिमोटमुळे. त्या शिकवणीची फी साडेसहा हजार रुपये झाली. त्यातली पैशात न मोजता येणारी फी मात्र भलत्याच माणसाने भरली. म्हणून हा लेख.

तर झालं असं. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी नाशिकला घरी गेले होते. आमची गाडी सात वर्षांची. बटणाच्या किल्लीने उघडते, म्हणजे बटण दाबलं की टुक टुक होतं आणि दारं उघडतात. एके दिवशी सकाळी बाबा खाली गेले आणि पाच मिनिटांनी वर आले. ‘रिमोट चालत नाहीये.’ पाच-सहा वेळा दाबून, दाराला अगदी चिकटून दाबून एकदाचं उघडलं म्हणे. अशा वेळी भारतातला प्रत्येक माणूस जे बोलतो तेच मी बोलले, ‘बॅटरी बदलून बघा.’

बाबांनी बदलली. दुकानदाराने सेल टाकला, समोर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीवर रिमोट दाबला, टुक टुक! झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. मग निष्कर्ष असा की सेल डुप्लिकेट होता. दुसऱ्या दुकानातून दुसरा सेल आणला. तिथेही चाललं. घरी आल्यावर पुन्हा नाही.

आता घरात ईएनटीसीची थर्ड इयरला जाणारी मुलगी बसलेली असताना बाबा दुकानं का हिंडतील? मी मल्टिमीटर काढला. नाण्यासारखा तो सेल, सीआर२०३२, मोजला. ३.१ व्होल्ट. उत्तम! म्हणजे सेल ठीक आहे. मग रिमोट उघडला. सर्किटवर एका कोपऱ्यात पांढरट डाग दिसला. मी डॉक्टरी थाटात जाहीर केलं, ‘पाणी गेलंय.’

हे दोन शब्द मी किती सहज बोलले! खरं सांगते, मला त्या डागाबद्दल काहीही माहिती नव्हती. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणणं आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. व्हायवाला तर मुळीच नाही.

पाणी गेलं, तर घातलं कुणी? आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक मामा यायचे. रोज पहाटे बाहेरून पुसायचे आणि रविवारी किल्ली घेऊन आतूनही साफ करायचे. किल्ली, बादली, पाणी, मामा... गणित जुळलं. बाबा ओरडले वगैरे नाहीत. बाबांचा तो स्वभाव नाही. फक्त म्हणाले, ‘मामा, पुढच्या महिन्यापासून राहू द्या.’ कारण विचारलं तर ‘असंच’ म्हणाले. पण लिफ्टमध्ये शेजारच्या काकांना मात्र कारण सांगितलं. त्यांचाही रिमोट कुरकुर करत होता! त्यांनीही मामांना थांबवलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी. एका आठवड्यात मामांच्या तीन गाड्या गेल्या, आणि पुरावा काय, तर ‘यांची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने उघडून बघितलं.’

नंतर सर्व्हिस सेंटर. तिथे रिमोट मस्त चालला. तिथल्या माणसाने तीनदा दाबून दाखवला. पण बाबांनी ‘पाणी गेलंय’ सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग सर भरवसा नाही, नवीनच घ्या.’ प्रोग्रॅमिंगसकट साडेसहा हजार. प्रोग्रॅमिंगला गाडीच्या असतील तेवढ्या सगळ्या किल्ल्या घेऊन या म्हणाले. तेव्हा कुठे आईच्या कपाटातून, हळदीकुंकवाच्या डब्याशेजारून, गाडीबरोबर आलेला दुसरा रिमोट बाहेर निघाला. सात वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पाण्याचा थेंबही न लागलेला.

त्या संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये उभे होतो. हातात तीन रिमोट. जुना, कपाटातला आणि नवा कोरा. तिन्हींचे दिवे लुकलुकत होते, आणि तिन्हींपैकी एकही गाडी उघडेना!

बाबा माझ्याकडे बघत होते. मी गाडीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळची बस होती. मी हॉस्टेलला पळ काढला म्हटलं तरी चालेल.

इथे थोडं थांबून एक गोष्ट बघू. आपण ते बटण दाबतो तेव्हा नक्की होतं काय? माझ्यासकट आपल्यापैकी बहुतेकांनी याचा कधी विचारच केलेला नसतो.

गाडी लांबून उघडायची कल्पना तशी जुनी. १९८२ साली रेनो कंपनीच्या फ्यूएगो गाडीत असा रिमोट आला. तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालायचा, म्हणजे नेम धरून दाबावा लागायचा. नंतर रेडिओ लहरी आल्या. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिका-जपानकडचे बरेचसे ३१५ वर. रिमोट प्रत्येक वेळी वेगळा कोड पाठवतो. एकच कोड असता तर कुणीही तो रेकॉर्ड करून गाडी उघडली असती. म्हणून रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते, गाडीतही तशीच असते, आणि दोघांचा मेळ बसला की दार उघडतं. यातली कीलॉक नावाची पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ साली मायक्रोचिप कंपनीने विकत घेतली. तिच्यात गाडी साधारण पुढच्या १६ कोडपर्यंत समजून घेते. म्हणजे गाडीपासून लांब असताना लहान मुलाने खेळत खेळत पन्नास वेळा बटण दाबलं, तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. मग लागोपाठ दोनदा दाबलं की दोघांची परत गाठ पडते.

म्हणजे बघा, साखळी किती लांब आहे. सेल, सेल धरणारी पत्र्याची पट्टी, बटण, बटणाखालचा सोल्डर, ट्रान्समीटर, मधली हवा, गाडीतला रिसीव्हर, कोडची गाठ, फ्यूज, दारातली मोटर आणि शेवटी गाडीची मोठी बॅटरी. एवढ्या दहा-अकरा कड्यांपैकी कुठलीही तुटली तरी वरून लक्षण एकच दिसतं, ‘रिमोट चालत नाही.’ ताप आला म्हणजे मलेरियाच, असं आपण म्हणत नाही. पण रिमोट चालत नाही म्हणजे बॅटरी, हे मात्र अगदी छातीठोकपणे म्हणतो!

आता माझ्या चुका मोजते. जाहीर कबुली आहे, सबमिशनला वापरू नका.

पहिली चूक दुकानात. सेल बदलला आणि रिमोट चालला, म्हणून सेलच खराब होता असं धरलं. पण सेलबरोबर आम्ही जागाही बदलली होती! घरी चालत नव्हता, दुकानासमोर चालला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कसं कळणार? जुना सेल तिथेच परत घालून बघितला असता तर तोही चालला असता. फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून आपण लिहितो, ‘इतर सर्व घटक स्थिर ठेवून.’ लिहितो फक्त.

दुसरी चूक मल्टिमीटरची. नुसता सेल मोजला तर तो थकलेला असला तरी ३ व्होल्टच्या आसपासच दाखवतो, कारण मीटर त्याच्याकडून जवळजवळ काही करंट मागतच नाही. लिथियमचा सेल जुना झाला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो आणि काम पडलं की व्होल्टेज बसतं. खाटेवर पडलेल्या माणसाला ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर तो ‘बरंय’च म्हणणार. जिने चढायला सांगा, मग कळेल. ३०० ओहमचा एक रेझिस्टर लावून, म्हणजे सुमारे १० मिलिअँपिअर ओढून, मग मोजायला हवं होतं. आमचा सेल खरंच चांगला होता, पण ते माझं ज्ञान नव्हतं, नशीब होतं.

तिसरी चूक म्हणजे तो पांढरा डाग. तो पाण्याचा नव्हताच. फॅक्टरीत सोल्डरिंग केल्यावर राहिलेला फ्लक्स होता. कपाटातला रिमोट उघडला तेव्हा त्यातही तसाच डाग, त्याच कोपऱ्यात. आपल्या लॅबमधल्या निम्म्या बोर्डांवर असा डाग असतो, रोज बघते. पण त्या दिवशी मला कारण हवं होतं, आणि डाग हजर होता.

चौथी चूक सगळ्यात मोठी. दुसरा रिमोट आहे का, हे कुणी विचारलंच नाही. दुसरा रिमोट घेऊन दाबणं हे दोन मिनिटांचं काम. तोही चालला नाही तर दोष रिमोटचा नाही, एवढं तरी समजलं असतं. साखळी अर्ध्यात तोडून बघायची, हे आपल्याला शिकवलेलं असतं. पण ते परीक्षेत पाच मार्कांना येतं, आणि पार्किंगमध्ये कुणी मार्क देत नाही ना!

पुढची गोष्ट आपल्या कॉलेजातली. जुलैमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर लॅबमध्ये मी ही रडकथा सांगत होते. आमच्या लॅब असिस्टंट सरांनी ऐकलं. त्यांनी ना सेल विचारला, ना सर्किट. एवढंच म्हणाले, ‘कुठे चालत नाही? आणि कधी?’

मी बाबांना तिथूनच फोन लावला. ‘बाबा, रिमोट ऑफिसला चालतो का?’

‘ऑफिसला मस्त चालतो.’

‘आणि घरी?’

‘घरी सकाळ-संध्याकाळ नाही. रविवारी दुपारी चालतो कधी कधी.’

‘मग हे आधी का नाही सांगितलंत?’

‘तू विचारलंस कुठे?’

मी गप्प. खरंच, विचारलं कुठे?

सरांनी मग मला २०१९ सालची अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. ओहायो राज्यात क्लीव्हलँडजवळ नॉर्थ ओल्मस्टेड नावाचं गाव आहे. तिथल्या एका वस्तीत एप्रिलच्या शेवटी शेवटी लोकांच्या गाड्यांचे रिमोट आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट एकदम बंद पडले. लोकांनी अर्थातच बॅटऱ्या बदलल्या! मग हळूहळू लक्षात आलं की शेजाऱ्याचंही तेच, समोरच्याचंही तेच. वीज कंपनीची, फोन कंपनीची माणसं शोधायला आली. शेवटी मे महिन्यात एका घरात उत्तर सापडलं. तिथे राहणाऱ्या एका हौशी माणसाने घरातल्या घरात वापरायला एक उपकरण बनवलं होतं. आपण खाली काम करत असताना वरच्या मजल्यावर कुणी आलं तर कळावं, एवढाच उद्देश. ते उपकरण सतत ३१५ मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडत होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं आणि आपण काय केलंय हे त्याला माहीतही नव्हतं. ते बंद केलं आणि सगळी वस्ती पूर्ववत.

मी गणपतीला घरी जाताना लॅबमधून टीव्हीचा एक छोटा डोंगल घेऊन गेले. तुमच्यापैकी काहींना माहीत असेल, टीव्हीचे सिग्नल पकडायला बनवलेले हे स्वस्त डोंगल लॅपटॉपला जोडून रेडिओसारखे वापरता येतात. ही गोष्ट २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आली आणि तेव्हापासून गरीब विद्यार्थ्यांचा तो स्पेक्ट्रम अॅनालायझर झालाय. सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडला. रिमोट दाबला की ४३३.९२ च्या आसपास छोटीशी रेघ उमटायला हवी. उमटली, पण दिसेना! कारण तिथे आधीपासूनच एक जाडजूड रेघ ठाण मांडून बसलेली होती. जशी मेसच्या लाईनमध्ये एखादा काउंटरलाच टेकून उभा राहतो आणि मागच्या कुणाचाच आवाज आत पोचत नाही, तशी.

अँटेना छोटी करत करत मी लॅपटॉप घेऊन जिना चढत गेले. प्रत्येक मजल्यावर रेघ जाड. (मधल्या मजल्यावरच्या काकूंनी मला वेड लागल्याचं आईला कळवलं.) गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीवर एक पांढरा डबा. सोसायटीने एप्रिलमध्ये बसवलेला वायरलेस लेव्हल सेन्सर! टाकी किती भरली ते खालच्या पंपाला सांगणारा. तो खरं म्हणजे अधूनमधून क्षणभर बोलून गप्प बसायला हवा. पण त्यात काही बिघाड होता. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की तो अखंड बडबडायला लागायचा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ, सगळ्यांच्या आंघोळीच्या आणि भांड्यांच्या वेळी. दुपारी टाकी भरलेली, म्हणून दुपारी रिमोट चालायचा. दाराला चिकटून दाबल्यावर कधी कधी चालायचा, कारण तिथे रिमोटचा आवाज त्या डब्यापेक्षा मोठा पडायचा. सगळं, सगळं जुळलं.

सेक्रेटरी काकांना बोलावून डबा बंद केला. मी गच्चीच्या कठड्यावरून रिमोट दाबला. चार मजले खाली टुक टुक! खरं सांगते, कुठल्याही सेमिस्टरच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता.

मग चौकशी केली तेव्हा कळलं की बिल्डिंगमधल्या सात घरांत गेल्या पाच महिन्यांत सेल बदलले गेले होते. एकाने तीनदा. एक आजोबा तर सरळ किल्ली घालून दार उघडायला लागले होते, ‘वय झालं, बोटात जोर राहिला नाही’ असं समजून! सगळे आपापल्या घरात आपापला रिमोट दुरुस्त करत होते. एकमेकांना ‘तुमचाही?’ एवढं विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात प्रश्न सुटला असता. अपवाद एकच. बाबा आणि शेजारचे काका लिफ्टमध्ये बोलले होते. पण ते कारण शोधायला नाही, दोषी ठरवायला बोलले होते. आणि दोषी कोण, ते मी सांगितलं होतं.

बाबा आणि मी मामांना भेटायला गेलो. ते आता समोरच्या सोसायटीत गाड्या पुसतात. बाबांनी सरळ माफी मागितली. मीही मागितली. मामा फडकं पिळत म्हणाले, ‘ताई, किल्ली कधी पाण्यात पडलीच नाही. तेव्हा विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं.’

बास. एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. आमच्याकडे परत या म्हटलं तर इकडच्या गाड्या धरल्यात म्हणाले आणि कामाला लागले.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, एवढीशी गोष्ट, त्यात कॉलेजला काय शिकवतेस? पण मला राहून राहून वाटतं की मी त्या दिवशी जे केलं, ते मी इथेच शिकले. आपल्या प्रॅक्टिकलला काय होतं ते आठवा. किट आधीच जोडलेलं असतं. वेव्हफॉर्म कसा यायला हवा ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. तो आला तर रीडिंग घ्यायचं. नाही आला तर? ‘मॅडम, किट चालत नाही.’ ‘शेजारच्या टेबलवर जा.’ आणि शेजारीही नाही आला तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग! (कोण नाही करत? हात वर करा.) ते न चालणारं किट कपाटात जातं आणि त्यावर चिठ्ठी लागते, ‘नॉट वर्किंग’. म्हणजे जिथे शिकायला सुरुवात व्हायला हवी, नेमकं तिथेच आपलं प्रॅक्टिकल संपतं. चार वर्षांत आपल्याला एकदाही बिघडलेली वस्तू हातात देऊन ‘सांग, काय झालंय?’ असं कुणी विचारत नाही. आणि मग कॅम्पसमधून बाहेर पडल्यावर आयुष्यभर आपल्याला फक्त बिघडलेल्याच वस्तू मिळतात.

सर-मॅडमची बाजूही मला मान्य आहे. दोन तासांचं प्रॅक्टिकल, वीस जणांची बॅच, सिलॅबस संपवायचा, एक्स्टर्नल डोक्यावर. बिघाड शोधायला कधी पाच मिनिटं लागतील, कधी पाच दिवस, त्याचं टाइमटेबल कसं बसवणार? आणि बाहेरच्या जगातही ‘बोर्ड बदला’ हे बऱ्याचदा स्वस्तच पडतं. दुरुस्त करणाऱ्याची मजुरी नव्या बोर्डापेक्षा जास्त होते, हे खरं आहे. पण बदलायचं म्हटलं तरी काय बदलायचं ते आधी कळायला नको? आम्ही बदलला तो रिमोट चांगला होता. आम्ही बदलले ते सेल चांगले होते. आणि आम्ही बदलला तो माणूसही चांगला होता.

म्हणून माझी एक छोटी मागणी आहे. ते ‘नॉट वर्किंग’चं कपाट उघडा. नवीन उपकरण नको, ग्रँट नको. प्रत्येक सेमिस्टरला फक्त एक प्रॅक्टिकल त्या कपाटातल्या किटवर असू दे. दोघांना मिळून एक किट. ते दुरुस्त झालं नाही तरी मार्क द्या. पण जर्नलमध्ये तीनच गोष्टी लिहायला लावा. आम्हाला आधी काय वाटलं, ते खरं की खोटं हे आम्ही कसं तपासलं, आणि तपासल्यावर आमचं मत बदललं का. हे जर्नल मागच्या बॅचकडून कॉपी करता येणार नाही, कारण प्रत्येक किटचं दुखणं वेगळं असेल. आणि व्हायवाला एखाद्याने ‘माहीत नाही, पण असं शोधून काढीन’ म्हटलं, तर त्याचे मार्क कापू नका. उलट दोन जास्त द्या. मला हे वाक्य त्या दिवशी बोलता आलं असतं तर मामांच्या तीन गाड्या गेल्या नसत्या.

आणि हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठीही. रूममधलं वायफाय चालत नाही, गिझर तापत नाही, रूममेट तीन दिवस नीट बोलत नाही. लगेच काही बदलायला धावू नका, आणि कुणावर खापर तर मुळीच फोडू नका. आधी विचारा, कधी? कुठे? फक्त माझंच की शेजारच्या रूमचंही? एका वेळी एकच गोष्ट बदला. चालणारी दुसरी वस्तू आणून लावून बघा. आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाही एकदा विचारा. उपाय लगेच नाही सापडला तरी चालेल.

पण निदान ‘निदान’ तरी नीट करू या!